ज्ञानूला न शिकवलेला डाव

धैर्यशील मगदूमची कुस्ती केव्हाच सुटली होती. पोटानं लंगोटाशी असहकार पुकारला त्यालाही बरीच वर्षं झाली. तालीम मात्र सुटली नव्हती. रोज सकाळी उठायचं, पेठेतल्या तालमीत जायचं, चार जोर मारून आठ मारल्याचा घाम पुसायचा, थंडाई प्यायची आणि मग फटफटीवरून कागलची पंचतारांकित एमआयडीसी गाठायची, असा त्याचा नेम होता. याला कारण वस्ताद हंबीरराव. धैर्यशील ऐन उमेदीत असताना वस्तादांनी एकदा त्याच्या पाठीवरची माती झटकत सांगितलं होतं, "सगळं दिलं तुला. एक डाव तेवढा राखलाय. येळ आली की सांगीन."

ती वेळ आजतागायत आली नव्हती. वस्तादांची ऐंशी उलटली, धैर्यशीलची चाळिशी उलटली, तरी डाव आपला राखलेलाच. त्याची बायको वर्षाराणी म्हणायची, "त्या डावाची वाट बघता बघता तुमचं केस गेलं. वस्तादांचं अजून हाईत."

कारखान्यात धैर्यशील वेल्डर होता. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला ज्या हुकानं जोडतात ते हुक तिथं बनत. त्याचा जोड म्हणजे जोड. तपासणी खात्याचे लालासाब मुजावर, ज्यांचा पगार दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा होता आणि छंद त्या चुकांवर बोलण्याचा, ते इतरांच्या कामाला भिंग लावत आणि धैर्यशीलच्या कामावर नुसता हात फिरवून पुढं जात. अशा माणसाचं आयुष्य सुखात चाललेलं असताना एक दिवस कारखान्यात मोठं खोकं आलं. खोक्यातून नारिंगी रंगाचा, एकाच हाताचा रोबोट निघाला.

नारळ फुटला, पेढे वाटले, आणि संध्याकाळच्या आत रोबोटचं बारसंही झालं. गेल्या वर्षी निवृत्त झालेला ज्ञानू कोपर दुमडून, मान खाली घालून तासन्‌तास तंबाखू मळत उभा राहायचा. हा रोबोटही काम नसताना तसाच कोपर दुमडून, मान खाली घालून उभा राही. तेव्हा लालासाबांनी त्याला ज्ञानू म्हटलं आणि तेच नाव पडलं. "फरक एवढाच," लालासाब म्हणाले, "जुना ज्ञानू कामाच्या येळंलाबी असाच उभा असायचा."

"कोण शिकणार हा चालवायला?" मालकांनी विचारलं. सगळे वेल्डर आपापल्या बुटांकडं बघायला लागले. हात वर केला तो धैर्यशीलनं. त्यात शौर्य कमी आणि हिशेब जास्त होता. आपण शिकलो नाही तर दुसरा कुणीतरी शिकणार, आणि मग तो दुसरा आपल्या जागी उभा राहणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. मालकांनी अट घातली. गळीत हंगामाच्या आधी हुकांची मोठी ऑर्डर जायची होती. ती ज्ञानूकडून, माणसाचा हात न लागता, निघाली पाहिजे. निघाली तर आणखी दोन रोबोट येतील आणि त्या सगळ्यांचा प्रमुख धैर्यशील. नाही निघाली तर पुण्याहून तयार माणूस आणायचा आणि धैर्यशीलनं परत आपल्या वेल्डिंगच्या काळ्या काचेमागं जायचं.

दुसऱ्या दिवशी तालमीत त्यानं सांगून टाकलं, "आता आपुनबी वस्ताद झालो. पठ्ठा लोखंडाचा हाय." पेठेत बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. दुपारपर्यंत दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ती कळली होती, आणि आता मागं फिरायची सोय उरली नव्हती.

शिकवायला रोबोट विकणाऱ्या कंपनीकडून अनुजा चौगुले आली. पोरगी इथलीच. दोन-तीन वर्षं पुण्यात राहून आली होती, पण वाक्याच्या शेवटचा 'की' काही पुण्याला सुटला नव्हता. तिनं धैर्यशीलच्या हातात पेंडंट दिलं. पाटीएवढा पडदा, त्यावर बटणं आणि पाठीमागं एक खटका. तो खटका हलका दाबून धरला की रोबोट हलतो. सोडला की थांबतो. आणि फार जोरात आवळला तरीही थांबतो, कारण घाबरलेला माणूस एक तर हातातलं सोडतो नाही तर मूठ आवळतो.

धैर्यशीलनं आयुष्यात कुठलीच गोष्ट हलकी धरली नव्हती. त्यानं खटका धरला तो समोरच्याचं मनगट धरावं तसा. ज्ञानू जागचा हलला नाही. पुन्हा धरला, पुन्हा ज्ञानू ढिम्म.

"दादा, गळा धरलाय की काय त्याचा?" अनुजा म्हणाली. "हलकं धरा. अंडं धरल्यासारखं."

"मॅडम, आमच्यात अंडं फोडायलाच धरत्यात."

"मग न फोडता धरायला शिका. पहिला धडा तोच."

पहिले काही दिवस त्या एकाच धड्यात गेले. मग खरं शिकवणं सुरू झालं. वेल्डिंगच्या बंदुकीचं टोक जोडाच्या सुरुवातीला न्यायचं, ती जागा नोंदवायची, मग पुढची जागा, मग त्यापुढची. कुठं पेटवायचं, किती वेगानं जायचं, कुठं विझवायचं, सगळं सांगायचं. ज्ञानूला 'वाईच खाली' कळत नव्हतं. 'अंदाजानं घे' कळत नव्हतं. 'तसं न्हवं लेका, असं' हे तर मुळीच कळत नव्हतं. वाईच म्हणजे किती, असा प्रश्न धैर्यशीलला जन्मात कुणी विचारला नव्हता. आता तो स्वतःच स्वतःला विचारू लागला. आपला हात नक्की किती तिरपा असतो, कुठं थबकतो, कुठं पळतो, हे बघण्यासाठी तो कोरडी बंदूक घेऊन हवेत वेल्डिंग करी. घरी एकदा आमटी ढवळताना पळी धरून तो तसाच थबकत थबकत चालला, तेव्हा वर्षाराणीनं पळी काढून घेतली.

आणि मग एका दुपारी ज्ञानूनं पहिला पुरता जोड मारला. निळ्या उजेडात ती नारिंगी मान पुढं सरकत गेली, डावीकडं जरा, उजवीकडं जरा, वळणावर किंचित दमानं. ते डुलणं धैर्यशीलचं होतं. त्याच्या मनगटाचं, त्याच्या खांद्याचं. आपली चाल दुसऱ्याच्या अंगात बघून त्याला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. पाठोपाठ एक प्रश्न उभा राहिला. याला सगळं आलं, तर मग मी कशाला?

हमरस्त्यानं घरी जाताना तो प्रश्न काही सुटला नाही. उजळाईवाडीच्या अलीकडं कुठंतरी त्याला तालमीतलं जुनं शहाणपण आठवलं. वस्ताद सगळं शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. पठ्ठा उलटला, तर तेवढा एक डाव वस्तादाच्या हातात राहतो. धैर्यशीलनं फटफटीवरच ठरवलं, की ज्ञानूलाही एक डाव शिकवायचा नाही.

कुठला राखायचा, यावर फार विचार करावा लागला नाही. जोड संपला की बंदूक सरळ उचलली, तर शेवटाला बारीकसा खळगा राहतो. पुढं ओझं पडलं की चीर तिथूनच सुरू होते. म्हणून जाणता वेल्डर शेवटाला आल्यावर तसाच किंचित मागं येतो, डोळ्याचं पातं लवेस्तोवर थांबतो, खळगा भरतो आणि मगच हात उचलतो. ज्ञानूच्या पडद्यावर यासाठी एक चौकट होती. अनुजानं ती दाखवलीही होती. धैर्यशीलनं तिथं शून्य राहू दिलं. कुणी विचारलंच तर विसरलो म्हणून सांगायचं, असंही त्यानं ठरवून ठेवलं. कुणी विचारलं नाही.

ज्ञानूचे हुक फिरत्या टेबलावरून बाहेर यायला लागले. लालासाबांनी भिंग लावलं. "जोड नंबर एक हाय. शेवटाला तेवढा खळगा सोडतंय बेणं."

धैर्यशील शांतपणे पुढं झाला. "मशीन हाय ते, चाचा. तेवढं काम माणसालाच जमतंय." त्यानं आपली जुनी बंदूक उचलली, काच डोळ्यांवर ओढली आणि खळगा भरून दिला. बघणाऱ्या वेल्डरांनी माना डोलावल्या. त्या दिवशी धैर्यशील जेवणाच्या डब्यातली भाकरी नेहमीपेक्षा एक जास्त जेवला.

पण हुकांची ऑर्डर होती डोंगराएवढी, आणि ज्ञानूला ना चहा लागे ना तंबाखू. धैर्यशील एक खळगा भरून पाठ सरळ करतो न करतो, तोवर टेबल फिरून पुढचा हुक त्याच्या पुढ्यात. एक भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा. चहावाला आला तरी त्याला जाता येईना. लघवीला जाऊन यावं तर परत येईपर्यंत हुकांचा ढीग, आणि ज्ञानू आपला कोपर दुमडून, मान खाली घालून वाट बघत उभा. जुना ज्ञानू निदान असा वाट बघत उभा राहिला नव्हता.

लालासाब चहाचा कप घेऊन मुद्दाम समोर येऊन उभे राहायचे. "मगदूम, तुझ्या पठ्ठ्यानं तुला चांगलाच कामाला लावलाय की."

"शिकतोय अजून तो."

"तो शिकतोय व्हय? मला वाटलं तू शिकतोयस. मघाशी त्यानं मान हलवली आन्‌ तू पळत आलास."

घरी पोचल्यावर पाठ धरलेली असे. वर्षाराणी विचारायची, "रोबोट आल्यापासनं तुमीच रोबोट झालायसा. पाठीला हळद लावू का वंगण घालू?" धैर्यशील पालथा पडून पाठ पुढं करायचा.

गुरुवारी मालक फिरत फिरत आले. ज्ञानूसमोर वाकून बसलेल्या धैर्यशीलला बघून थांबले. "हे काय चाललंय?"

"फिनिशिंग, मालक."

"शनिवारी ऑर्डर दिलेले ट्रॉलीवाले येणार बघायला. त्यांच्यापुढं एकाही हुकाला माणसाचा हात लागलेला मला चालणार नाही. जमत नसलं तर आत्ताच सांग, पुण्याला फोन करतो."

अनुजा तिथंच होती. तिनं पडद्याकडं बघितलं, धैर्यशीलकडं बघितलं आणि ती काहीच बोलली नाही. ती चार शब्द बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आता त्याची गोची अशी झाली, की ती चौकट भरली तर ज्ञानूला सगळंच येणार आणि धैर्यशील प्रमुख होऊनही हातानं रिकामा. नाही भरली तर प्रमुखपद पुण्याच्या माणसाला आणि धैर्यशील काळ्या काचेमागं. इकडं आड आणि तिकडं विहीर.

शुक्रवारी सकाळी त्यानं जोर मारायचं नाटकही केलं नाही. वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर काठी टेकून लाल मातीच्या हौद्यातल्या पोरांकडं बघत बसले होते. तो त्यांच्या पायाशी बसला आणि सवयीनं पाय चेपायला लागला.

"वस्ताद, एक इचारू?"

"इचार. तुझ्या पोटाचं तेवढं सोडून."

"पठ्ठ्याला शिकवताना एक डाव राखला. आन्‌ त्या डावापायीच पठ्ठा पडाय लागला. तर काय करायचं?"

"कुणाचा पठ्ठा?"

"माझा. ज्ञानू. लोखंडाचा हाय त्यो."

हंबीररावांनी त्याच्याकडं वळून बघितलं. "मग राखलास कशाला?"

"तुमीच शिकवलंय की. तुमीबी माझ्याकडनं एक राखलाय न्हवं."

वस्तादांनी तोंड हौद्याकडं फिरवलं. आत एका पोरानं दुसऱ्याला पाठीवर घेतलं, ते त्यांना दिसलंसं वाटलं नाही. "न्हाय राखला," ते म्हणाले. "काय बी राखलेलं न्हाय. हुतं तेवढं सगळं दिलतं तुला. उलट समोरच्याचा पाय धरून पट काढायची एक तऱ्हा मीच तुझी बघून घेतली."

धैर्यशीलचे हात थांबले. "मग तवा तसं म्हणालासा?"

"तू आळशी. चार दिस यायचास, आठ दिस दांडी मारायचास. म्हणलं, कायतरी शिल्लक हाय असं कळलं तर येशील. आलास की."

"आवो पण एवढी वर्सं?"

"मागनं सांगायला तोंड हुईना." वस्तादांनी काठीनं उगाच मातीचं ढेकूळ फोडलं. "सांगितलं असतं तर तू यायचा न्हाईस."

धैर्यशीलला आधी राग आला. थंडीतल्या, पावसातल्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्यासुद्धा सगळ्या सकाळी एकदम आठवल्या आणि सगळ्या फुकट गेल्यासारख्या वाटल्या. तो उठून निघाला तेव्हा वस्ताद पाठीमागून म्हणाले, "राखलाय म्हणून नुसतं सांगायचं असतंय, लेका. राखायचं नसतंय. पठ्ठा पडला की लोक पठ्ठ्याचं नाव इचारत न्हाईत. कुठल्या तालमीचा म्हणून इचारत्यात." धैर्यशील थंडाई न पिताच गेला.

कारखान्यात त्यानं पेंडंट हातात घेतलं. रागात होता, तरी खटका हलका धरला गेला, आणि ज्ञानू आज्ञाधारकपणे हलला. त्यानं ती चौकट उघडली. पण एका आकड्यानं काम भागणार नव्हतं. डोळ्याचं पातं लवायला किती वेळ लागतो, हे ज्ञानूला सांगायचं होतं, आणि ते धैर्यशीललाही ठाऊक नव्हतं. थोडं थांबवलं की खळगा राही, जास्त थांबवलं की लोखंडाचा गोळा साचे. तो एक हुक हातानं मारून बघे आणि एक ज्ञानूकडून मारून घेई. त्या नादात जेवणाचा डबा तसाच राहिला. दुपार कलल्यावर केव्हातरी एक हुक असा निघाला, की हातानं मारलेला कुठला आणि ज्ञानूनं मारलेला कुठला, हे मारणाऱ्यालाच ओळखता येईना.

"उशीर केला तुम्ही दादा," शेजारी येऊन अनुजा म्हणाली.

धैर्यशीलचे कान गरम झाले. "तुमास्नी ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासनं. शून्य काय बारीक दिसतं का? आणि आमच्याही घरात दोन वस्ताद होऊन गेलेत. राखलेला डाव मला ओळखू येतोय की."

"मग बोलला न्हाईसा."

"मी विचारलं असतं तर तुम्ही विसरलो म्हणाला असता. मी भरून दिलं असतं तर ते माझं झालं असतं. प्रमुख कुणाला करायचं, हे मालकांनी मला विचारलंय. मला अजून काही सांगता आलेलं नव्हतं." तिनं तो हुक उचलून उजेडात धरला. "आता सांगता येईल."

शनिवारी तो पहाटेच कारखान्यात हजर झाला. तालीम चुकली. डाव राखल्याचं ऐकल्यापासून, ताप आणि कुणाची मयत सोडली तर अशी ती कधी चुकली नव्हती. ट्रॉलीवाले आले, पोहे खाऊन ज्ञानूच्या जाळीबाहेर उभे राहिले. टेबल फिरत राहिलं, हुक येत राहिले, आणि धैर्यशील हात पाठीमागं बांधून उभा राहिला. ते हात तसे ठेवणं त्याला फार जड गेलं. लालासाबांनी एकेका हुकाच्या शेवटाला भिंग लावलं, पुसून पुन्हा लावलं, आणि शेवटी भिंग खिशात घातलं. "ज्ञानूनं माझी बोलायचीच सोय ठेवली न्हाय," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मालक धैर्यशीलकडं वळले. "मग, झालं शिकवून?"

"झालं."

"सगळं?"

याच प्रश्नाला तो इतके दिवस भीत होता. सगळं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग आता तुझं काय काम? अनुजा वर पत्र्याकडं बघायला लागली. लालासाबांनी कप तोंडाला लावला, पण प्यायले नाहीत.

"सगळं शिकवलं, मालक," धैर्यशील म्हणाला. "एक डाव तेवढा राखलाय."

मालकही पेठेतलेच. त्यांनी ज्ञानूकडं बघितलं, मग धैर्यशीलकडं. "कुठला रे?"

"येळ आली की सांगीन."

"व्हय का मॅडम? राखलाय?"

"राखलाय की," अनुजा गंभीरपणे म्हणाली. "मला पण सांगत नाहीत."

मालक हसले. "बरं. ते नवीन दोघं दिवाळीनंतर येतील. त्यांचाबी वस्ताद तूच. पण तेवढा डाव मला कधीतरी सांगून ठेव."

त्या संध्याकाळी वर्षाराणीनं तांबडा-पांढरा रस्सा केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, कारखान्याला सुट्टी होती, आणि आता लवकर उठायचं कारणही उरलं नव्हतं. तरीही धैर्यशील उठला. "आता कुठं निघालासा?" वर्षाराणीनं अंथरुणातूनच विचारलं. "डाव तर न्हाईच म्हणत हुतासा न्हवं?" तो चपला शोधत राहिला.

वस्ताद कट्ट्यावर होते. तोंड हौद्याकडं होतं, पण हौद्यात अजून कुणी उतरलं नव्हतं. काल सकाळीही ते असेच उशिरापर्यंत बसून होते आणि थंडाईचा एक पेला बाजूला काढून ठेवायला लावला होता, असं पाणी मारणाऱ्या पोरानं धैर्यशीलला दारातच सांगितलं.

तो जाऊन त्यांच्या पायाशी बसला आणि पाय चेपायला लागला.

"काल न्हाय आलास," वस्ताद म्हणाले.

"कामावर लवकर गेलतो."

"आज कशाला आलास मग?"

"तो राखलेला डाव सांगता का बघावं म्हणलं."

"सांगितलं न्हवं, काय बी राखलेलं न्हाय म्हणून."

"सगळंच वस्ताद असंच म्हणत्यात," धैर्यशील म्हणाला. "मी काय एवढ्यावर फसतोय व्हय?"

हंबीररावांनी मान वळवून त्याच्याकडं नीट बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. मग त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, काठीनं धैर्यशीलच्या पोटाला एक ढोसणी दिली आणि जुन्या, करड्या आवाजात म्हणाले, "आज न्हाय. उद्या ये."